स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रियेनंतरची औषधं : लालबागच्या एका काकांचं प्रकरण

व्हिपल, म्हणजे स्वादुपिंडाचं डोकं काढण्याची शस्त्रक्रिया, झालेल्या रुग्णाचे नातेवाईक वॉर्डात फार्मासिस्टला गाठतात ते बहुतेक वेळा ऑक्ट्रिओटाइड या स्वादुपिंडाचा रस कमी करणाऱ्या औषधासाठी. शेजारच्या बेडला ते इंजेक्शन दिवसातून तीनदा टोचलं जातं, आपल्या माणसाला नाही, म्हणजे काहीतरी राहून गेलंय अशी धास्ती असते. चीर देण्याआधीच्या तासाभरात द्यायचं अँटिबायोटिक, घरी गेल्यावरही चालू ठेवायचं गुठळीचं इंजेक्शन, जेवणात घ्यायच्या कॅप्सूल यांबद्दल मात्र क्वचितच कुणी विचारतं. पुरावा बघायला गेलं तर पारडं नेमकं दुसऱ्या बाजूला झुकतं. मला हे ज्या रुग्णाच्या बाबतीत अगदी ठळकपणे दिसलं त्यांचं प्रकरण इथे सविस्तर मांडते. मी मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात क्लिनिकल फार्मासिस्ट आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

रुग्ण

वय ६६, राहणार लालबाग, मूळ गाव सातारा जिल्ह्यात. तरुणपणी गिरणीत होते, १९८२ च्या संपानंतर मिळेल ती कामं केली. माळकरी, मांस-मासे कधीच नाहीत, आषाढीची वारी नेमाने. घरात पत्नी, मुलगा, सून, दोन नातवंडं.

दीड महिना कावीळ होती. सुरुवातीला पथ्य आणि झाडपाल्याचं औषध झालं. मग अंगाला खाज, पांढुरकी शौच आणि शेवटी थंडी वाजून ताप आल्यावर सोनोग्राफी आणि सीटी स्कॅन. पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नळी लहान आतड्यात जिथे उघडतात त्या तोंडाशीच गाठ होती. बिलीरुबिन, म्हणजे रक्तातलं काविळीचं द्रव्य, १८. तापामुळे थांबण्यासारखं नव्हतं, म्हणून ईआरसीपी करून, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून, पित्तनलिकेत स्टेंट (बारीक नळी) टाकला. चार आठवड्यांनी बिलीरुबिन ३ च्या आत आलं आणि शस्त्रक्रियेची तारीख ठरली.

दाखल झाले तेव्हा वजन ४६ किलो. किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन १.१, म्हणजे कागदावर नॉर्मल. पण या वयाला आणि या वजनाला हिशेब केला तर किडनीची क्षमता मिनिटाला ४३ मिलिलिटर एवढीच निघते. हा आकडा मी केस पेपरच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला, कारण पुढची निम्मी औषधं याच आकड्यावर ठरणार होती. रक्त गोठायला लागणारा वेळ दाखवणारा आयएनआर १.६ होता, म्हणजे वाढलेला. पित्त आतड्यात पोचत नसेल तर के जीवनसत्त्व शोषलं जात नाही आणि रक्त गोठायला वेळ लागतो. तीन दिवस के जीवनसत्त्वाची इंजेक्शनं दिल्यावर तो जागेवर आला.

औषध डुकरापासून बनलेलं

शस्त्रक्रियेच्या दोन दिवस आधी मी त्यांच्याशी बोलायला बसले ते दोन औषधांसाठी. या शस्त्रक्रियेनंतर अन्न पचायला एन्झाइमच्या कॅप्सूल लागतात, आणि त्यातलं पॅन्क्रिएटिन डुकराच्या स्वादुपिंडातून काढलेलं असतं. पायात गुठळी होऊ नये म्हणून दिलं जाणारं एनोक्सापॅरिनही डुकराच्या आतड्याच्या अस्तरातून मिळणाऱ्या हेपॅरिनपासून बनतं. वॉर्डात या गोष्टी सहसा सांगितल्या जात नाहीत. 'सांगितलं तर घेणार नाहीत, मग नुकसान त्यांचंच' हा युक्तिवाद मी बऱ्याचदा ऐकला आहे आणि मला तो मान्य नाही. पन्नास वर्षं माळ सांभाळलेल्या माणसाच्या पोटात काय जातंय हे त्याला कळलंच पाहिजे. शिवाय हे पुढे दुकानदाराकडून किंवा मोबाइलवरून कळलं, तर तो घरी गुपचूप औषध बंद करतो. आणि ते आम्हाला कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

पर्याय आधी तपासले. एनोक्सापॅरिनला फोंडापॅरिनक्स हा पर्याय आहे, ते पूर्णपणे कृत्रिमरीत्या बनतं. पण शस्त्रक्रियेनंतरच्या प्रतिबंधासाठी ५० किलोपेक्षा कमी वजनाच्या रुग्णाला ते देऊ नये अशी सूचना आहे, कारण रक्तस्रावाचा धोका वाढतो. हे ४६ किलोंचे. त्यातून ते औषध किडनीवाटेच बाहेर जातं आणि शरीरात जास्त वेळ टिकतं. या रुग्णासाठी तो दरवाजा बंद. एन्झाइमच्या बाबतीत बुरशीपासून बनवलेली उत्पादनं बाजारात आहेत, पण स्वादुपिंडाचा भाग काढलेल्या रुग्णाला ती पुरी पडतील असा भरवसा देता येत नाही.

हे सगळं काकांना, काकूंना आणि मुलाला एकत्र बसवून सांगितलं. काका बराच वेळ माळेवरून बोटं फिरवत राहिले. मग म्हणाले, "ताई, आज लगेच हो म्हणवत नाही. महाराजांना विचारतो." रात्री त्यांनी आळंदीला फोन लावला. दुसऱ्या दिवशी राउंडच्या आधीच मला बोलावून घेतलं. "औषध म्हणून घ्या म्हणाले. घेतो. पण बरं झालं तुम्ही आधी सांगितलंत, नंतर कळलं असतं तर तोंडात धरवलं नसतं."

केस पेपरवर ही संमती वेगळी नोंदवून घेतली.

चीर देण्याआधी

व्हिपलमध्ये स्वादुपिंडाचं डोकं, लहान आतड्याचा पहिला भाग, पित्ताशय आणि पित्तनलिकेचा खालचा भाग काढतात. काही वेळा जठराचा तुकडाही जातो. मग उरलेलं स्वादुपिंड, पित्तनलिका आणि जठर असं तिन्ही आतड्याला नव्यानं जोडायचं. अ‍ॅलन व्हिपल यांनी १९३५ मध्ये या शस्त्रक्रियेची माहिती प्रसिद्ध केली तेव्हा ती दोन टप्प्यांत करत. आता अनुभवी हातांत एकाच बैठकीत पाच ते सात तासांत होते.

स्टेंट टाकलेल्या रुग्णात पित्त निर्जंतुक राहत नाही. आतड्यातले जंतू त्या नळीवरून वर चढतात आणि शस्त्रक्रियेत पित्तनलिका कापली की तेच पित्त पोटात सांडतं. म्हणून सेफॅलोस्पोरिन गटातलं नेहमीचं सौम्य अँटिबायोटिक इथे अपुरं पडतं. २०२३ मध्ये 'जामा' या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या चाचणीत अमेरिका आणि कॅनडातल्या २६ रुग्णालयांतले ७७८ रुग्ण होते. निम्म्यांना शस्त्रक्रियेच्या वेळी पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम दिलं, निम्म्यांना सेफॉक्सिटिन हे सेफॅलोस्पोरिन. तीस दिवसांत जखमेचा किंवा पोटातला संसर्ग पहिल्या गटात १९.८ टक्के रुग्णांना झाला, दुसऱ्यात ३२.८ टक्क्यांना. स्वादुपिंडाची त्रासदायक गळतीसुद्धा पहिल्या गटात कमी होती : १२.७ विरुद्ध १९ टक्के. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मध्येच थांबवली गेली. भुलीच्या तासाभरात द्यायच्या एका औषधानं एवढा फरक पडतो, हे मी प्रत्येक नव्या रेसिडेंटला आवर्जून सांगते.

तरी अमेरिकेतला निष्कर्ष जसाच्या तसा परळ-लालबागला लावता येत नाही. आपल्याकडे स्टेंटच्या पित्तात वाढणारे क्लेब्सिएला आणि ई. कोलाय बऱ्याचदा या औषधालाही दाद देत नाहीत. म्हणून शस्त्रक्रिया करणाऱ्या सरांनी पिपरासिलिन-टॅझोबॅक्टमच निवडलं, पण पित्तनलिका कापल्याबरोबर पित्ताचा नमुना कल्चरला, म्हणजे त्यात कुठले जंतू आहेत आणि ते कुठल्या औषधाला दाद देतात हे तपासायला, पाठवायचा असं आधीच ठरलं. पहिला डोस चीर देण्याआधी अर्धा तास गेला. हे औषध रक्तातून लवकर उतरतं, एरवी दर दोन तासांनी पुन्हा द्यावं लागतं. इथे किडनी पाहून अंतर थोडं वाढवलं. शस्त्रक्रियेनंतर चोवीस तासांत बंद.

मऊ स्वादुपिंड

शस्त्रक्रिया साडेसहा तास चालली. रक्तस्राव अंदाजे ५०० मिलिलिटर. पण ओटीतून आलेल्या नोंदीत दोन शब्द लक्ष वेधणारे होते : ग्रंथी मऊ, नळी २ मिलिमीटर.

स्वादुपिंडाच्या कर्करोगात किंवा जुनाट सुजेत ग्रंथी घट्ट होते, नळी फुगते, टाके नीट बसतात. इथे गाठ पित्तनलिकेच्या तोंडाशी होती आणि बाकीचं स्वादुपिंड निरोगी होतं. निरोगी म्हणजे मऊ. लोण्यात टाका घालावा तसा दोरा ग्रंथी कापत जातो. शिवाय निरोगी ग्रंथी भरपूर पाचकरस बनवते. जोडातून हा रस पोटात झिरपला तर आजूबाजूच्या पेशी जळतात, पू होतो, आणि सगळ्यात भीतीची गोष्ट म्हणजे जवळच्या धमनीची भिंत कुरतडली जाऊन अचानक मोठा रक्तस्राव होऊ शकतो.

गळतीचा धोका मोजायची शून्य ते दहा गुणांची एक पद्धत आहे. मऊ ग्रंथीचे २ गुण, गाठीच्या प्रकाराचा १, २ मिलिमीटर नळीचे ३, एवढ्या रक्तस्रावाचा १. एकूण ७. सात आणि त्यावर म्हणजे सर्वांत जास्त धोक्याचा गट.

ऑक्ट्रिओटाइडचा प्रश्न

मुलाचा मित्र औषध कंपनीत एमआर, म्हणजे विक्री प्रतिनिधी, आहे. पहिल्याच संध्याकाळी तो जिन्यात भेटला. "मॅडम, हाय रिस्क आहे म्हणता, मग ऑक्ट्रिओटाइड का सुरू नाही? पैशांचा प्रश्न असेल तर आम्ही बघतो."

प्रश्न रास्त होता. सोमॅटोस्टॅटिन हा शरीरातलाच एक संप्रेरक, स्वादुपिंडाचा रस कमी करणारा. रक्तात तो दोन-तीन मिनिटंच टिकतो. ऑक्ट्रिओटाइड ही त्याची प्रयोगशाळेत बनवलेली जास्त टिकणारी आवृत्ती, तिचा अर्धा अंश उतरायला साधारण दीड तास लागतो. म्हणून १०० मायक्रोग्रॅम त्वचेखाली, दिवसातून तीनदा, आठवडाभर असा डोस रूढ झाला. रस कमी तर गळती कमी, हे तर्काला पटतं. १९९० च्या दशकात युरोपातल्या चाचण्यांनी हेच दाखवलं. पण त्याच सुमारास अमेरिकेत फक्त व्हिपलच्या रुग्णांवर झालेल्या चाचण्यांत काहीच फायदा दिसला नाही. पुढे कोक्रेन या वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या संस्थेनं सगळ्या चाचण्या एकत्र केल्या. एकूण गुंतागुंती थोड्या कमी दिसल्या, मृत्यू कमी झाले नाहीत. आणि रुग्णाला खरोखर त्रास देणाऱ्या गळतीपुरतं पाहिलं तर ठोस फरक उरला नाही. त्यानंतर अनेक केंद्रांतल्या अतिधोक्याच्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्यात उत्तम निकाल ज्यांचे होते, त्यांच्या स्वादुपिंडाच्या नळीत घालून पोटाबाहेर काढलेली स्टेंट होती, पोटात ड्रेन (साचलेलं पाणी बाहेर नेणारी नळी) होता आणि ऑक्ट्रिओटाइड दिलेलं नव्हतं. ही निरीक्षणं आहेत, चिठ्ठी टाकून केलेली चाचणी नव्हे. त्यामुळे ऑक्ट्रिओटाइडनं नुकसान होतं असं मी म्हणणार नाही. पण 'दिलंच पाहिजे' असं म्हणायला आधार नाही.

पॅसिरिओटाइड या त्याच कुळातल्या औषधाची गोष्ट वेगळी. न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग रुग्णालयात ३०० रुग्णांवर झालेली चाचणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. गंभीर गळती किंवा पू होण्याचं प्रमाण २१ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर आलं. नंतर इतर केंद्रांना तेवढं यश नेहमी मिळालं नाही. औषध अतिशय महाग, त्यानं साखर वाढते, मळमळीमुळे काहींना मध्येच सोडावं लागतं. आमच्या रोजच्या वापरात ते नाही. फिनलंडमधल्या डॉक्टरांनी हायड्रोकॉर्टिसोन या स्टेरॉइडचा प्रयोग केला आणि मऊ ग्रंथीच्या रुग्णांत चांगला निकाल दाखवला. सरांनी त्याचाही विचार केला होता, पण पित्तात जंतू असण्याची दाट शक्यता असताना स्टेरॉइड नको असं त्यांचं मत पडलं.

म्हणून काकांच्या स्वादुपिंडाच्या नळीत एक बारीक स्टेंट घालून पोटाबाहेर पिशवीत काढली होती, जोडाजवळ ड्रेन होता, आणि ऑक्ट्रिओटाइड नव्हतं. एमआर मित्राला मी जिन्यातच हे सगळं सांगितलं. शेजारच्या बेडला ते का चालू आहे, हे त्या बेडच्या डॉक्टरांनी त्या रुग्णापुरतं ठरवलेलं असतं, त्यावर मी बोलले नाही. त्याचं पूर्ण समाधान झालं नसावं, पण त्यानं नातेवाइकांना घाबरवलं नाही, हे मोलाचं.

तिसरा दिवस ते सोळावा

पहिल्या दिवशी ड्रेनच्या पाण्यातलं अमायलेज, म्हणजे स्वादुपिंडाच्या रसातलं एक एन्झाइम, ७,००० च्या वर. ५,००० च्या आत असतं तर ड्रेन लवकर काढता आला असता. तिसऱ्या दिवशी १,९००. रक्तातल्या नॉर्मल मर्यादेच्या तिपटीपेक्षा हे खूप जास्त, म्हणजे रस झिरपतोय. पण ताप नाही, पोट मऊ, पाणी फिकट गुलाबी. अशा वेळी याला फिस्टुला, म्हणजे रुग्णाला खरोखर त्रास देणारी गळती, म्हणत नाहीत. २०१६ च्या आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार ही नुसती रासायनिक गळती. ड्रेन जागेवर ठेवून वाट बघायची.

त्याच दिवशी पित्ताचा कल्चर रिपोर्ट आला. क्लेब्सिएला, पिपरासिलिन-टॅझोबॅक्टमला दाद न देणारा, मेरोपेनेमला देणारा. रुग्णाला ताप नसताना नुसत्या रिपोर्टवर औषध सुरू करायचं नाही असं ठरलं, आणि तो रिपोर्ट केस पेपरच्या पुढच्या बाजूला टाचला.

सातव्या दिवशी संध्याकाळी थंडी वाजून १०१ ताप. ड्रेनचं पाणी गढूळ, तपकिरी. पहिला प्रश्न असतो रक्तस्रावाचा, म्हणून धमन्या दिसतील अशा पद्धतीनं सीटी केला. जोडाजवळ पाण्याचा छोटा साठा, ड्रेनचं टोक त्यातच, धमनीला फुगा नाही. मेरोपेनेमचा पहिला डोस ताप आल्यापासून तासाभरात गेला. कुठलं औषध, यावर वाद घालत बसावं लागलं नाही, कारण उत्तर चार दिवस आधीच टाचलेलं होतं. ओटीतून पाठवलेल्या दोन मिलिलिटर पित्ताची ही करामत. डोस मात्र किडनी पाहून १ ग्रॅम, बारा तासांनी.

आठव्या दिवशी क्रिएटिनिन १.६ झालं. पुन्हा हिशेब केला : मिनिटाला २९ मिलिलिटर. एनोक्सापॅरिन ४० मिलिग्रॅम चालू होतं, आणि किडनीची क्षमता ३० च्या खाली गेली की हे औषध शरीरात साठू लागतं. ज्या रुग्णाच्या धमनीजवळ पाचकरस झिरपतोय त्याच्या अंगात रक्त पातळ करणारं औषध साठू देणं म्हणजे संकटाला आमंत्रण. बंद करावं का? माझं मत नको असं होतं. कर्करोग, मोठी शस्त्रक्रिया, संसर्ग, अंथरुणावर पडून राहणं, गुठळीची सगळी कारणं एकाच वेळी हजर होती. सरांनी डोस २० वर आणला, रोज हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट बघायचे ठरवले, आणि सिस्टरना ठळक अक्षरांत सूचना : ड्रेनमध्ये थोडं जरी ताजं लाल रक्त दिसलं तर पुढचा डोस थांबवून ताबडतोब फोन. थोडा रक्तस्राव हाच मोठ्या रक्तस्रावाचा इशारा असतो. वेदनेसाठी डायक्लोफेनॅक आधीपासूनच टाळलं होतं. किडनी आणि नव्या जोडावरचा अल्सर, दोन्हींसाठी ते वाईट, पॅरासिटामॉलवर भागलं.

नातेवाइकांनी या टप्प्यावर पुन्हा ऑक्ट्रिओटाइडबद्दल विचारलं. गळती सुरू झाल्यावर ते रस कमी करू शकतं, पण त्यानं फिस्टुला लवकर बुजतो असं खात्रीनं म्हणता येत नाही. काकांचं ड्रेन दिवसाला शंभर मिलिलिटरच्या आसपास होतं, म्हणजे फार नव्हे. दिलं नाही.

ताप दहाव्या दिवशी उतरला, क्रिएटिनिन बाराव्या दिवशी १.१ वर आलं, एनोक्सापॅरिन परत ४०. सोळाव्या दिवशी काका ड्रेन आणि स्टेंटची पिशवी घेऊन घरी गेले.

अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत

घरी सोडताना गुठळीचं इंजेक्शन बंद करायची पद्धत अजून बऱ्याच ठिकाणी आहे. 'चालायला लागले ना, मग कशाला?' पण पोटातल्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर एनोक्सापॅरिन आठवडाभराऐवजी चार आठवडे दिलं तर शिरांतल्या गुठळ्यांचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ४.८ टक्क्यांवर येतं, हे २००२ सालच्या चाचणीनं दाखवलं आहे. राहिलेले बारा दिवस इंजेक्शन देणार कोण, हा खरा प्रश्न. रोज टॅक्सीनं रुग्णालयात येणं परवडणारं नव्हतं. सुनेनं विचारलं, "मी दिलं तर चालेल का?"

अर्ध्या तासात त्या शिकल्या. भरलेल्या सिरिंजमधला हवेचा बुडबुडा काढायचा नाही, तो काढताना औषधही जातं. जखम आणि ड्रेनपासून लांब, पोटाच्या बाजूची चरबीची घडी चिमटीत धरून सुई सरळ आत, औषध पूर्ण गेल्यावरच चिमूट सोडायची, वरून चोळायचं नाही. घरातली सगळी इंजेक्शनं फ्रिजमध्ये ठेवायची सवय असते. याला गरज नाही, गोठवायचं तर मुळीच नाही. त्यांनी कॅलेंडरवर रोज खूण केली आणि रिकाम्या सिरिंज जाड प्लास्टिकच्या बरणीत भरून ओपीडीला परत आणल्या. बाराच्या बारा.

कॅप्सूल आणि १-१-१

पाचव्या आठवड्यात काका ओपीडीला आले तेव्हा ड्रेन निघालेला होता, जखम भरली होती, ताप नव्हता. वजन ४२. सगळे टाके, कल्चर, इंजेक्शनं यांतून तरून आलेला माणूस आता उपासमारीनं खंगत होता. शौचाबद्दल विचारलं तर काकूंनी सांगितलं, तेलकट होते, पाण्यावर तरंगते, दोन बादल्या टाकल्या तरी जात नाही. चरबी पचत नसल्याचं याहून स्पष्ट लक्षण नाही.

कॅप्सूल घेत होते का? घेत होते, अगदी कार्डाप्रमाणे. कार्डावर लिहिलं होतं १-१-१, म्हणजे सकाळ, दुपार, रात्र एकेक. आणि आहारतज्ज्ञांनी सांगितलं होतं, थोडं थोडं दिवसातून सहा वेळा खा. म्हणजे निम्म्या खाण्याला एन्झाइम नव्हतंच, आणि ज्या तीन जेवणांना होतं तिथे २५,००० युनिटांची एकच. नळीतल्या स्टेंटमधून काकांचा स्वतःचा बराचसा रसही पिशवीत जात होता. १-१-१ ही भाषा रक्तदाबाच्या गोळीसाठी ठीक आहे, घड्याळाला बांधलेल्या औषधासाठी. हे औषध घासाला बांधलेलं असतं.

अजून खोलात गेल्यावर दोन गोष्टी निघाल्या. मोठी कॅप्सूल गिळवत नाही म्हणून सूनबाई ती उघडून गरम मऊभातात कालवत होत्या. आत बारीक गोळ्या असतात आणि प्रत्येकीवर आवरण असतं, जठरातल्या आम्लातून सुखरूप पुढे जाण्यासाठी. भातात ते आवरण ताटातच विरघळतं, मग आम्ल एन्झाइमचा नाश करतं. त्यात भात वाफाळता असेल तर उष्णतेनंही ते निकामी होतं. औषधाचे पैसे गेले, उपयोग शून्य. दुसरी गोष्ट काकांनी स्वतः सांगितली, जरा अवघडून. एकादशीला ते कॅप्सूल घेत नव्हते. उपवासाच्या दिवशी ती वस्तू नको. आणि त्या दिवशी खात होते शेंगदाण्याचा कूट घातलेली, तुपातली साबुदाण्याची खिचडी, म्हणजे आठवड्यातलं सर्वांत चरबीचं जेवण.

नवीन कार्ड मी तिथेच बसून हातानं लिहिलं. सकाळ, दुपार, रात्रीच्या जेवणाला दोन कॅप्सूल : एक पहिल्या घासाला, दुसरी निम्मं जेवण झाल्यावर. मधल्या वेळच्या खाण्याला एक. दुधाचा चहा आणि बिस्किट म्हणजे खाणंच, एक कॅप्सूल. नुसतं फळ किंवा कोरा चहा असेल तर नको. गिळवत नसेल तर उघडून सफरचंदाच्या गार गराच्या चमच्यात घालायची, न चावता लगेच गिळायची, वर पाणी प्यायचं, कण तोंडात राहिले तर तोंड येतं. पॅन्टोप्रॅझोल सकाळी उपाशीपोटी, चालूच ठेवायचं. आतड्याच्या नव्या जोडावर अल्सर होऊ नये हे पहिलं काम, आणि आम्ल कमी झाल्यानं एन्झाइमलाही मदत होते. एकादशीला कॅप्सूल घ्याच असा आग्रह मी धरला नाही. त्या दिवशी खिचडी नको, तूप-दाणे नकोत. वरीचा भात, ताक, राजगिऱ्याच्या लाह्या, फळं. काका म्हणाले, "हे जमेल."

त्याच भेटीत स्टेंट काढली.

आता दिवसाला नऊ कॅप्सूल, म्हणजे खर्च तिप्पट, आणि हा खर्च दर महिन्याचा, कदाचित आयुष्यभराचा. शस्त्रक्रिया महात्मा फुले जन आरोग्य योजनेत झाली होती, पण ओपीडीतल्या औषधांची भिस्त घरावरच. मुलगा गप्प झाला. समाजसेवा विभागातल्या ताईंनी सिद्धिविनायक न्यासासह दोन-तीन ठिकाणी मदतीचे अर्ज भरून दिले. त्यातून काही महिन्यांची सोय झाली, पुढचं अजून ठरलेलं नाही. व्हिपलचा खर्च मोजताना हा खर्च कोणी मोजत नाही, आणि माझ्या मते या क्षेत्रातली ही सगळ्यात मोठी उणीव आहे. कॅप्सूल परवडत नाहीत म्हणून दोनच्या जागी एक घेणारे रुग्ण मला दर आठवड्याला भेटतात.

दोन आठवड्यांत शौच घट्ट झाली. सहा आठवड्यांत वजन ४५.५. वजन इथे नुसतं दिसण्यापुरतं नसतं. गाठीच्या तपासणीत दोन लसिकाग्रंथींत कर्करोग सापडला होता, त्यामुळे केमोथेरपी लागणार होती, आणि ४२ किलोच्या, उठता न येणाऱ्या माणसाला ती सुरू करायला कर्करोगतज्ज्ञ तयार नव्हते. ४५ वर गेल्यावर सुरू झाली.

आता केमोची तिसरी फेरी झाली आहे. पॅन्टोप्रॅझोल आणि कॅप्सूल चालू आहेत. पुढच्या भेटीत साखर, ड जीवनसत्त्व आणि आयएनआर तपासायचे आहेत. चरबी पचेना झाली की अ, ड, ई, के ही चारही जीवनसत्त्वं हळूहळू कमी होतात आणि उरलेलं स्वादुपिंड साखर सांभाळेल याची हमी नसते. वॉर्डात व्हिपलच्या डिस्चार्ज कार्डावर एन्झाइमपुढे १-१-१ लिहायचं बंद केलं आहे. तिथे आता जेवणं आणि खाणी मोजून लिहितात, आणि गुठळीच्या इंजेक्शनची शेवटची तारीख वेगळ्या चौकटीत.